आमची शिष्टाई

माणसाच्या अंगी एखादा तरी गुण असावा असे म्हणतात. आमच्या बाबतीत देवाने उंची, वर्ण, केस आणि गणित या चारही ठिकाणी हात आखडता घेतला आणि उरलेसुरले सगळे जिभेवर ओतून तो मोकळा झाला. कोळशाच्या खाणीत हाजरीबाबू म्हणून मी ३६ वर्षे काढली. पण घुग्घुसात मला ओळखतात ते हाजरीपुस्तकामुळे नव्हे, असा आपला माझा समज होता. कुणाचा जावई पाटवडीच्या रश्श्याला तर्री नाही म्हणून ताटावरून उठला, कुणाच्या पापडांवर शेजारणीने पायपुसणे झटकले, साक्षगंधाच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या मामाला फेटा बांधायचा राहिला, की एखादे पोरगे धावत यायचे, "बाबूजी, घरी बोलावलं. समजूत काढाची आहे." मग मी टोपी घालायची, घसा खाकरायचा आणि निघायचे. अर्ध्या तासात जावई परत पाटावर, मामा फेट्यात आणि मी चहात!

घुग्घुस तुम्हाला माहीत असण्याचे फारसे कारण नाही. चंद्रपूरहून पंचवीसेक किलोमीटरवर, वर्धा नदीच्या अलीकडच्या अंगाला आमचे गाव. नदी ओलांडली की वणी आणि यवतमाळ जिल्हा. जमिनीखाली कोळसा, जमिनीवर कारखाने आणि दोहोंच्या मधे आम्ही. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी करडा होऊन उतरतो. धुतल्या तांदळासारखा माणूस आमच्याकडे दिसला तर समजावे, हा आत्ताच एस.टी.तून उतरलेला आहे. अशा गावात पांढरी राहिलेली एकच वस्तू म्हणजे माझी कीर्ती. तिच्यावर गेल्या दिवाळीत डाग पडला. तोही आमच्याच घरात, आमच्याच सतरंजीवर.

पुण्याचा नातू दिवाळीला आला तो फराळाच्या डब्याआधी स्वतःची पिशवी उघडून बसला. पिशवीत फासे! चौकोनी फासे आम्ही पाहिले होते. याच्यापाशी चार बाजूंचे, आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, आणि एक तर वीस बाजूंचा, खडीसाखरेच्या मोठ्या खड्यासारखा. ऐन दिवाळीत घरात फासे पाहून आमच्या आजीने धर्मराजापासून सुरुवात करून पोराच्या आईपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला असता.

"आजोबा, यात पैसे नसतात," नातू म्हणाला. "गोष्ट असते."

डंजन्स अँड ड्रॅगन्स असे त्या खेळाचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली बाजारात आणला. एकाने सूत्रधार व्हायचे. तो गोष्ट सांगतो. तुम्ही किल्ल्याच्या दाराशी आलात, समोर पहारेकरी उभा आहे, आता काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे आणि आपले पात्र काय करते, काय बोलते ते सांगायचे. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठे दान पडले तर जमले, लहान पडले तर फसले.

प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर सहा गुणांचे आकडे. शक्ती, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि सहावा गुण म्हणजे माणसाची दुसऱ्यावर पडणारी छाप. बुद्धी आणि शहाणपण यांचे रकाने वेगळे ठेवलेले पाहून मला त्या अमेरिकन गृहस्थांविषयी आदर वाटला. हा भेद मी आमच्या ऑफिसात रोज पाहत होतो, पण कागदावर मांडायची सोय नव्हती.

नातू सूत्रधार झाला. नऊ वर्षांच्या नातीने पहिलवान घेतला. पुतण्याचा मुलगा दहावीत आहे. तो बोलताना अडखळतो, म्हणून वर्गात हाजरीलाही नुसता हात वर करतो. त्याने घेतला राजदूत. मी अर्थातच भाट झालो आणि छापेच्या रकान्यात सगळ्यांत मोठा आकडा लिहून घेतला. सौ. चकल्या तळत होत्या. भाऊबीजेसाठी आलेली ताई भिंतीला टेकून वाती वळत बसली होती.

किल्ल्याचे दार आले. मी सतरंजीवर मांडी बदलली आणि पहारेकऱ्याला उद्देशून बोलायला सुरुवात केली. त्याच्या इमानदारीची स्तुती केली, त्याच्या धन्याची थोरवी गायिली, अतिथिधर्माचे दाखले दिले, शेवटी आवाज जरा कापरा केला. दहा मिनिटे झाली. नात जांभई देऊ लागली, पण सौ.नी दोनदा झारा हातात धरून स्वयंपाकघरातून डोकावल्याचे मी पाहिले.

"छान," नातू म्हणाला. "टाका फासा."

दोन पडले! छापेची बेरीज धरूनही पाच. पहारेकरी म्हणाला, "चल, हट."

लगेच नात म्हणाली, "पहारेकरी काका, सोडा ना. मला जोराची लागली आहे." फासा टाकला. एकोणीस. दार उघडले.

आता सांगा, माणसाने चिडायचे नाही तर काय करायचे? मी म्हटले, "हा काय न्याय झाला? बोललो मी, आणि दार उघडले हिला? मग जिभेचा उपयोग काय?"

नातू शांतपणे म्हणाला, "आजोबा, हिचा पहिलवान भिंत पाडतो तेव्हा आपण हिला घराची भिंत पाडायला लावतो का? तिची ताकद कागदावर आहे. तसं तुमच्या भाटाचं बोलणंही कागदावर आहे. तुमचं तोंड नव्हे, त्याचं."

युक्तिवाद मला पटला नाही, पण उत्तरही सुचले नाही. या दोन गोष्टी एका वेळी माझ्या बाबतीत पूर्वी कधी झाल्या नव्हत्या.

पुढे जंगलात लुटारूंनी वाट अडवली. या वेळी राजदूत पुढे झाला. पोरगे लाल झाले. "मी... मी त्यांना सांगतो," तो म्हणाला, "की, की पलीकडच्या गावात तापाची साथ आहे. आम्ही औ... औषध नेतोय. तुमचीही माणसं आजारी असतील. थोडं तुम्हालाही देतो." एवढे बोलायला त्याला दोन मिनिटे लागली. कुणी मधे बोलले नाही, कारण खेळाचा तसा रिवाज. नातवाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "तू त्यांना लागणारी वस्तू देतोयस. म्हणून पंधराऐवजी दहाच पुरे." अकरा पडले. लुटारूंनी वाट सोडली. पोराच्या तोंडावर जो उजेड पडला तो आमच्या अंगणातल्या आकाशकंदिलाने पडला नसता.

तेव्हा मला त्या फाशाची बाजू कळली. काय बोललास, त्यावरून आकडा ठरतो. कसे बोललास, ते फासा ठरवतो. निव्वळ तोंडावर निकाल लावायचा तर खेळ माझ्यासारख्या बोलघेवड्यांचा होईल, आणि अडखळणाऱ्याने कायम ढालकरी होऊन मागे चालायचे. निव्वळ फाशावर लावायचा तर बोलायचेच कशाला, लॉटरीचे तिकीट काढावे. दोन्ही हवेत. इथपर्यंत ठीक होते.

मग नातीला माझ्या भाटाचा घोडा हवासा झाला. तिने लाडिगोडी लावली, फासा टाकला, अठरा पडले. मी निमूटपणे घोडा द्यायला निघालो तर नातू म्हणाला, "थांबा आजोबा. फाशाने तुम्हाला द्यावा लागत नाही. तुम्हाला वाटलं तर द्या."

"का रे? पहारेकऱ्यावर फासा चालतो, माझ्यावर नाही?"

"पहारेकरी मी चालवतो. तुमच्या भाटाच्या मागे तुम्ही बसलाय ना! त्याला काय वाटतं ते तुम्हीच ठरवणार. आमच्याकडे नियमच आहे. ज्याच्या मागे माणूस बसलाय, त्याचं मन फाशाने वळवायचं नाही."

मला हे फार आवडले. त्या आनंदात मी घोडा देऊन टाकला.

खरे भांडण राजाच्या दरबारात झाले. एका यशाने राजदूताची भीड चेपली होती. तो थेट सिंहासनापुढे गेला आणि म्हणाला, "म... महाराज, तुमचा मुकुट मला द्या." फासा गडगडत सतरंजीच्या काठाला जाऊन थांबला. वीस! पोरांनी आरोळी ठोकली. सौ. चकलीचा सोऱ्या घेऊन बाहेर आल्या.

नातू म्हणाला, "राजा पोट धरून हसतो. म्हणतो, असा विनोद दरबारात पुष्कळ दिवसांत ऐकला नाही. तुझं डोकं उडवणार होतो, ते आता उडवत नाही."

"अरे, पण वीस पडले ना!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

"म्हणून तर डोकं वाचलं."

मग त्याने आम्हाला त्या खेळाचा थोडा इतिहास सांगितला. अगदी जुन्या काळी म्हणे परका प्राणी समोर आला की दोन साधे फासे टाकून तो अंगावर येतो की गोडीने बोलतो ते ठरवीत. पुढे २००० सालच्या आवृत्तीत मुत्सद्देगिरीचे कोष्टकच आले. फासा आणि कौशल्य मिळून बेरीज ५० झाली की उभा वैरी मदतीला धावणारा दोस्त होई. हुशार पोरांनी लगोलग ती बेरीज जमवायच्या युक्त्या काढल्या आणि तोंडाच्या वाफेवर राज्ये घ्यायला सुरुवात केली. २०१४ च्या आवृत्तीत सूत्रधाराला बजावले आहे की निकाल खरोखर अनिश्चित असेल तेव्हाच फासा मागावा. जे होणारच त्याला फासा नको, आणि जे होणारच नाही त्यालाही नको. वीस पडले म्हणजे मागाल ते मिळाले असे नव्हे. जे मिळण्यासारखे होते त्यातले सर्वांत चांगले मिळाले, एवढेच.

"म्हणजे कृष्णशिष्टाईच की!" मी म्हटले, आणि माझे मन एकदम १९७६ सालच्या गणपतीत गेले.

आमच्या झाडीपट्टीच्या मुलखाला नाटकाचे वेड. दिवाळी झाली, धान निघाले की गावोगाव रात्र रात्र नाटके चालतात. कोळशाच्या गावालाही ते वारे लागलेले. त्या वर्षी कॉलनीच्या गणेशोत्सवात आम्ही महाभारत बसवले. श्रीकृष्ण मी. दुर्योधन खाणीतला एक फिटर, छाती अशी की चिलखत शिवायची गरज नाही. मी पाच गावे मागायची, त्याने सुईच्या अग्राएवढीही जमीन देणार नाही म्हणून गरजायचे, की झाला प्रवेश.

तालमीत मला चार वाक्ये होती. समोर हजार माणसे पाहून त्यांची चाळीस झाली. रणात पडणारी कोवळी पोरे आणली, त्यांच्या आया आणल्या, ओस पडलेली शेते आणली. पुढच्या रांगेतल्या बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. मी दुर्योधनाकडे पाहिले तर त्याचेही डोळे भरलेले. त्याने एक मोठा हुंदका दिला, मुकुट काढून हातात घेतला आणि म्हणाला, "घ्या जी किसनदेव. पाच काहून, दहा घ्या."

युद्ध रद्द झाले! विंगेत भीम नवी कोरी गदा घेऊन उभा होता. ती त्याच्या बापाने चंद्रपूरच्या सुताराकडून मुद्दाम करवून आणली होती. प्रेक्षकांनी पैसे परत मागितले. नाटक फुकट होते, तरी मागितले. पडदा पाडावा लागला. दहा मिनिटांनी माईकवरून सूचना झाली की, दुर्योधनाने आपला शब्द फिरवला असून युद्ध ठरल्याप्रमाणे होईल, नागरिकांनी शांत राहावे.

हा किस्सा मी इतकी वर्षे माझ्या जिभेचे प्रमाणपत्र म्हणून सांगत आलो. नातवाने मात्र हसून झाल्यावर विचारले, "पण आजोबा, पाच गावं देतो तो दुर्योधन कसला?"

विचार केला, तर खरेच आहे. श्रीकृष्णाच्या छापेचा आकडा तरी कागदावर किती लिहायचा? त्याच्याहून चांगला बोलणारा कुठून आणायचा? पण व्यासांनी तिथे फासा टाकला नाही. समोरच्याच्या मनात हो म्हणायला तिळाएवढीही जागा नव्हती. मन वळवणे असा शब्द आपण वापरतो, पण वळायला आधी वळण असावे लागते. सरळ भिंतीवर गाडी घातली तर ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी गाडी आदळतेच.

इथे थांबलो असतो तर कीर्ती वाचली असती. पण पोरे रंगात आली होती आणि जीभ माझीच होती. मी म्हटले, "नाटकातलं सोडा. खऱ्या आयुष्यातलं वीस सांगतो. ही तुमची ताईआजी इथंच बसली आहे, विचारा तिला."

गोष्ट १९७८ ची. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न होऊन दीड वर्ष झाले असेल. ऐन पावसाळ्यात एक दिवस ती पेटी घेऊन माहेरी आली ती परत जाईना. दोन महिने झाले. दोन खोल्यांचे क्वार्टर, बाबा खाणीतून आले की भिंतीकडे तोंड करून जेवत. नातेवाइकांनी सांगून पाहिले, शेजाऱ्यांनी सुचवून पाहिले. शेवटी कुणीतरी म्हणाले, याला बोलता येते, याला पाठवा. मी चोवीस वर्षांचा. एका संध्याकाळी ओट्यावर तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि रात्रीचे भोंगे होईपर्यंत बोललो. संसार म्हणजे काय, सहनशीलता म्हणजे काय, दोन भांडी एकत्र आली की आवाज कसा होतो! माझे स्वतःचे लग्न झालेले नव्हते, त्यामुळे विषयाचे पूर्ण ज्ञान होते. सकाळी ताई मुकाट्याने उठली, पेटी उचलली आणि पहिल्या एस.टी.ने सासरी गेली. त्या दिवसापासून कॉलनीत मी समजूतदार, म्हणजे समजूत काढणारा, ठरलो. माझ्या सगळ्या दुकानाचे भांडवल म्हणजे ती रात्र.

"आठवते ना ताई?" मी विचारले.

"आठवते ना," ताई वातीवरून नजर न काढता म्हणाली. "डास लय होते."

पोरे हसली. नातवाने विचारले, "ताईआजी, तुम्हाला आजोबांचं पटलं होतं?"

"पटाचं का होतं त्यात?" ताईने वात तबकात ठेवली. "लहान्या दोघी लग्नाच्या होत्या. मी घरी बसली असती तर त्याईले कोण केलं असतं? बाबा दोन महिन्यांत माह्याशी दोन शब्द बोलले नाही. त्या दिवशी दुपारी मायनं माही पेटी पुसून दाराजवळ ठेवली. भाऊ ओट्यावर येऊन बसाच्या आधीच मले समजलं होतं, सकाळी जावं लागते म्हून."

"मग मी जे बोललो ते?" मी म्हटले.

"तू चांगलंच बोलला असशील बाप्पा. मले का माहीत? मी रडत होती न तू बोलत होता." तिने दुसरी वात घेतली. "एक आठवते. तुनं एकदा बी नाही इचारलं, ताई, तिकडं तुले काय होते म्हून."

चकलीचे तेल तडतडत होते तेवढेच. नातू हळूच म्हणाला, "म्हणजे तिथं फासा टाकायचाच नव्हता."

मी काही बोललो नाही. सौ.नी बाहेर येऊन माझ्याकडे पाहिले, बहुधा प्रकृती बरी आहे ना म्हणून.

ताईलाच माझी दया आली असावी. म्हणाली, "आता त्याचं काय? पोरं झाली, शेती झाली. तो माणूसबी पुढं निवळला, न आता गेलाबी. मी गेली ते बरं झालं का वाईट, मलेही सांगता येत नाही. पण तुह्या बोलण्यानं गेली, असं गावभर नको सांगत जाऊ."

त्या रात्री झोप लागली नाही. फासा कुठे टाकू नये याची एक जागा मला आधीच कळली होती, समोरच्याला हो म्हणणेच शक्य नाही ती. तिथे आपण हरतो, आणि हरल्यावर निदान कळते तरी. दुसरी जागा ताईने दाखवली. समोरच्याला नाही म्हणणेच शक्य नाही ती. तिथे आपण जिंकतो आणि आयुष्यभर समजतो की बोलण्याने जिंकलो. दुर्योधन फार तर अपमान करील. पण ज्याला नाही म्हणायची सोय नाही तो आपल्याला वक्ता करून सोडतो.

एकदा हे दिसले की जिकडेतिकडे तेच दिसू लागते. साहेबांनी केलेल्या विनोदाला कधी दोन पडलेले पाहिलेत? नेहमी वीस! घरातला कर्ता म्हणतो, "मी काही कुणावर सक्ती करत नाही, फक्त समजावून सांगतो," आणि सगळ्यांना समजते. माझेच घ्या ना. रुसलेला जावई परत पाटावर बसला, तो खाणीत बदली कामगार होता. फेटेवाल्या मामाचा मुलगाही आमच्याच पाळीला. सगळ्या कॉलनीची हाजरी माझ्या काखेतल्या पुस्तकात. मी टोपी घालून दारात उभा राहिलो की त्यांना न पटून सांगतात कुणाला? निवृत्त झाल्यापासून मला समजूत काढायला बोलावणी कमी झाली, तेव्हा मी म्हणायचो, हल्ली लोक शहाणे झाले. आता कळते, पुस्तक दुसऱ्याच्या काखेत गेले.

आणि जिथे नाही म्हणता येत नाही तिथे माणूस तोंडाने हो म्हणून हाताने नाही करतो. आमच्या विदर्भातल्या पवनारच्या विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले. भूमिहीनांनी जमीन मागितली, विनोबांनी तो प्रश्न गावापुढे ठेवला, आणि रामचंद्र रेड्डी यांनी आपण होऊन १०० एकर देऊ केली. कुणी त्यांचे नाव घेतले नव्हते. गप्प बसायची पूर्ण सोय होती, म्हणून त्या होकाराला वजन. आपल्या भाषेत फाशालाही दान म्हणतात आणि देण्यालाही. असे दान क्वचित पडते. पुढे विनोबा वर्षानुवर्षे देशभर पायी हिंडले, लाखो एकर मिळाली. त्यात मनापासून दिलेली पुष्कळ होती. पण सारा गाव पाहत असताना हात वर करावा लागलेल्या काहींनी खडकाळ दिली, काहींनी कोर्टात अडकलेली दिली. संतापुढे नाही कसे म्हणायचे? मग नाही जमिनीतून उगवले.

उलट उदाहरणासाठी लांब जायला नको. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने ठरवत नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकाला पटले नाही तर विषय पुढच्या सभेला, नाहीतर त्याच्या पुढच्या. आमच्यासारख्यांना वाटेल, अशाने काही ठरायचेच नाही. पण याच गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०१३ साली जमीन ग्रामदानात घालायचे ठरवले. तिथे बोलण्याला किंमत आहे, कारण ऐकणाऱ्याच्या नाहीला किंमत आहे. तिथला फासा खरा. आमच्या ओट्यावर मी टाकला त्याच्या विसाही बाजूंना वीसच कोरलेले होते.

नातवाच्या खेळात पहारेकऱ्याच्या मागे कुणी नसते, म्हणून त्याचे मन फाशावर सोडता येते. बाहेर अडचण अशी की प्रत्येकाच्या मागे एकेक माणूस बसलेला आहे. ताईच्या मागे ताई बसली होती. ती दिसायला एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि मी उत्तरे देत सुटलो होतो.

भाऊबीजेला ताईने ओवाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरू लागली. तिने आणखी चार दिवस राहावे असे मला फार वाटत होते. माझ्या मनात भाषण तयार होते. बहीण-भावाचे वय, पुढच्या दिवाळीचा काय भरवसा, नदीपलीकडे ती एकटीच असते, उतारवयातली सोबत. कापरा आवाजसुद्धा तयार होता. मी घसा खाकरला. सौ.नी माझ्याकडे पाहिले.

मी म्हटले, "ताई, राहतेस का चार दिवस?"

"नाही," ताई म्हणाली. "कापूस वेचाले आला आहे. बाया सांगून ठेवल्या. वणीची गाडी कधी आहे तेवढं पाहून ये."

मी गाडी पाहून आलो. स्टँडवर तिची पिशवी मी उचलली, तिने ती काढून घेतली, मी पुन्हा उचलली. गाडी यायला अवकाश होता. धुळीचे लोट उडवीत कोळशाचे ट्रक जात होते. मी तिच्या शेजारी बाकावर बसलो आणि ४५ वर्षांहून अधिक उशिराने विचारले, "ताई, तवा तिकडं तुले काय होत होतं?"

तिने थोडा वेळ रस्त्याकडे पाहिले. मग सांगू लागली. गाडी आली, तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे. दुसरीनं जाईन."